‘काहीच तर नाही’ या निदानाचा इतिहास

“कुठं काय आहे? काहीच तर नाही!”

गालावरचा एखादा डाग, नाकावरची छिद्रं, हनुवटीवर येऊन गेलेल्या पुटकुळीची खूण. याबद्दल कुणी विसाव्यांदा विचारलं की घरोघरी हेच उत्तर मिळतं. आई म्हणते, ताई म्हणते, रूममेट म्हणतो, शेवटी त्वचेचे डॉक्टरही म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं आणि बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात. तरी विचारणाऱ्याला त्या उत्तरानं फार तर दहा मिनिटं बरं वाटतं. मग तो पुन्हा आरशाकडे जातो, नाहीतर फोनचा फ्रंट कॅमेरा उघडतो.

मुरुमांचा वैताग कुणाला येत नाही? साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कपाळावर फोड उगवला तर चिडचिड होणारच. मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतोय ते अशा त्रासाबद्दल, जिथं इतरांना जेमतेम दिसणारा किंवा अजिबात न दिसणारा दोष माणसाचा अख्खा दिवस गिळतो. आरशासमोर तासन्‌तास, बोटांनी चाचपणं, नखांनी खरवडणं, मेकअपचे थर, ट्यूबलाइटखाली न बसणं, फोटोतून निसटणं, कॉलेज बुडवणं, नोकरी सोडणं. वैद्यकशास्त्रात आज याला ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ म्हणतात, थोडक्यात बीडीडी. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की प्रौढांमध्ये साधारण पन्नासात एकाला तो असतो. बायकांना आणि पुरुषांनाही. त्वचेच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये हेच प्रमाण दहात एकाच्या आसपास जातं. ध्यास नाकाचा असू शकतो, केसांचा असू शकतो, पण सगळ्यात जास्त आढळतो तो त्वचेचा.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे टेस्टर एखादा बग नोंदवतो, डेव्हलपर आपल्या मशीनवर बघतो, त्याला तो दिसत नाही. मग तो ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ असा शेरा मारून तिकीट बंद करतो. माझ्याकडे दिसत नाही, म्हणजे नाहीच. चार वर्षं या धंद्यात काढलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात छळणारे बग अशाच बंद केलेल्या तिकिटांत निघतात. बीडीडीचा इतिहास वाचताना मला सारखा तो शेरा आठवत होता. हे तिकीट पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं १८९१ साली. ते नीट हाती घ्यायला वैद्यकाला जवळजवळ १०० वर्षं लागली. का लागली, याची ही गोष्ट.

डोळ्यांवर उभं राहिलेलं शास्त्र

त्वचारोगशास्त्र हे डोळ्यांचं शास्त्र आहे. हृदयाला स्टेथोस्कोप लागतो, हाडाला एक्स-रे. त्वचा समोरच असते. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी १७९८ पासून त्वचारोगांवरचा आपला ग्रंथ भागाभागानं प्रसिद्ध करायला घेतला. त्यात त्यांनी रोगांची मांडणी केली ती दिसण्यावरून: पुरळ कुठला, खवले कुठले, पाण्याचे फोड कुठले, पू असलेले कुठले. त्याआधी एकाच रोगाला दहा नावं आणि एकाच नावाचे दहा रोग असा गोंधळ होता. विलन यांच्या मांडणीनं तो बराच आवरला. या शास्त्राचा पाया आजही तोच आहे: आधी नीट बघा, जे दिसतंय त्याचं वर्णन करा, मग नाव द्या.

ही नजर पुढे किती टोकाला गेली ते पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात बघायला मिळतं. तिथं ज्यूल बारेता नावाचा एक कारागीर होता. आधी तो कागदाच्या लगद्याची हुबेहूब फळं बनवून विकायचा. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी त्याला नोकरीवर घेतलं आणि तो रुग्णांच्या शरीरावर साचे घेऊन मेणाच्या प्रतिकृती बनवू लागला. फोड, चट्टे, व्रण, सगळं रंगासकट. आज त्या संग्रहात ४ हजारांहून जास्त प्रतिकृती आहेत. १८८९ साली जगभरातले त्वचारोगतज्ज्ञ पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पॅरिसला जमले, ते याच संग्रहालयाच्या दालनात.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकातही नजर अशीच बारीक होती. सुश्रुतसंहितेत तरुण वयात चेहऱ्यावर येणाऱ्या फोडांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे आणि त्यांना नाव दिलंय ‘मुखदूषिका’, म्हणजे तोंड बिघडवणारी. गणना मात्र ‘क्षुद्ररोगां’त, किरकोळ आजारांत. त्याच यादीत ‘व्यंग’ आहे, म्हणजे चेहऱ्यावरचे काळपट डाग, आपण ज्याला वांग म्हणतो ते. त्याचं कारण सांगताना राग आणि थकवा यांचा उल्लेख येतो. मनाचा त्वचेशी संबंध आहे, हे तिथं ओळखलेलं दिसतं. पण क्रम असा: आधी डाग आहे, मग त्याचं कारण. आणि आज मराठीत ‘व्यंग’ म्हटलं की अर्थ होतो शरीरातला दोष. चेहऱ्यावरचा डाग आणि माणसातला दोष यांना एकच शब्द पुरला, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

आता प्रश्न असा. जे शास्त्र दिसणाऱ्या गोष्टीवर उभं आहे, त्याच्यासमोर गुळगुळीत गाल घेऊन एखादा माणूस बसला आणि ढसाढसा रडू लागला, तर शास्त्रानं काय करायचं? बारेतानं मेणाचा साचा घ्यायचा कशाचा?

जिनोआचं तिकीट

पॅरिसच्या परिषदेनंतर दोन वर्षांनी, १८९१ साली, इटलीतल्या जिनोआच्या वैद्यक अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध आला. लेखक एन्रिको मोर्सेली, मनोविकारतज्ज्ञ. निबंधात दोन ध्यासांची ओळख करून दिली होती आणि दोघांना नवी नावं दिली होती. एक, जिवंतपणी पुरले जाऊ याची भीती: ‘टॅफेफोबिया’. दुसरा, आपण कुरूप आहोत किंवा होत चाललो आहोत याची भीती: ‘डिसमॉर्फोफोबिया’. पहिलं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही. दुसऱ्याचं नातं आजच्या बीडीडीपर्यंत येतं.

मोर्सेलींचं वर्णन आजही खरं वाटतं. हा माणूस कामात असतो, गप्पा मारत असतो, वाचत असतो, जेवायला बसलेला असतो, आणि कुठल्याही क्षणी ती शंका त्याला येऊन धरते. मग तपासून बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. हा माणूस खरोखर दुःखी आहे, असं मोर्सेली स्पष्ट लिहितात. नटवेपणा नाही, लाड नाहीत, दुःख आहे. १८९१ साली हे लिहिणं सोपं नव्हतं.

‘डिसमॉर्फिया’ हा शब्द मूळ ग्रीक. हेरोडोटसच्या इतिहासग्रंथात स्पार्टामधल्या एका मुलीची गोष्ट आहे. घर श्रीमंत, पण मुलगी कुरूप. आईवडिलांनी तिला कुणाला दाखवायचं नाही असं बजावलेलं. दाई तिला झाकून रोज हेलनच्या देवळात घेऊन जायची आणि मुलीची कुरूपता जाऊ दे म्हणून साकडं घालायची. एके दिवशी देवळातून निघताना एक अनोळखी बाई भेटली. तिनं मुलीला बघायचा हट्ट धरला, डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, ही स्पार्टातली सगळ्यात देखणी बाई होईल. तशी ती झाली आणि पुढे राजाची राणीही झाली.

गोष्ट छान आहे, पण मोर्सेलींच्या रुग्णांसाठी ती उलटी आहे. त्या मुलीचा दोष सगळ्यांना दिसत होता, म्हणून एका स्पर्शानं तो गेला हेही सगळ्यांना दिसलं. ज्याचा दोष फक्त त्याच्या स्वतःच्या नजरेत आहे, त्याच्या डोक्यावरून कुणी कितीही हात फिरवला तरी काय बदलणार?

दोन दारं

याच काळात त्वचेचे डॉक्टर दुसऱ्या बाजूनं याच माणसापर्यंत पोचत होते. १८७५ साली इंग्लंडमधल्या इरॅस्मस विल्सन यांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या त्वचेवरच्या जखमा त्यांच्याच नखांनी झालेल्या होत्या. १८९८ साली पॅरिसचे लुई ब्रोक यांनी मुरुमांच्या एका प्रकाराचं वर्णन केलं. मुरूम अगदी मामुली, पण ते पिळून, कुरतडून, खरवडून चेहऱ्यावर व्रण पडलेले. ब्रोक यांनी नाव दिलं त्याचा अर्थ ‘तरुण मुलींचे खरवडलेले मुरूम’.

या नावानं एक चांगलं काम केलं आणि एक वाईट. चांगलं हे, की डॉक्टरांची नजर गालावरून हातांकडे वळली. व्रण मुरुमानं पडलेला नाही, हात तिकडे सारखा का जातो ते बघायला हवं, हे कळलं. वाईट हे, की ‘तरुण मुली’ हे शब्द नावातच बसले. पोरींचे चाळे, असा त्याचा अर्थ लावणं सोपं झालं आणि मुलं नजरेआड गेली. ती अजून बऱ्याच प्रमाणात नजरेआडच आहेत.

मनोविकाराच्या बाजूनंही काम चालू होतं. पॅरिसचे पिएर जाने यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात ‘देहाच्या लाजेचा ध्यास’ असं म्हटलं. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात डिसमॉर्फोफोबियाला जागा दिली. जपानमध्ये समाजासमोर जाण्याच्या भीतीचा सविस्तर अभ्यास झाला आणि तिच्या प्रकारांमध्ये ‘शूबो-क्योफु’, म्हणजे विद्रूप दिसण्याची भीती, हा एक प्रकार गणला गेला. तिथल्या रुग्णाला पुष्कळदा वाटायचं की आपल्या चेहऱ्याचा त्रास समोरच्याला होतोय.

म्हणजे दोन दारं तयार झाली. एका दारावर पाटी ‘त्वचा’, दुसऱ्यावर ‘मन’. रुग्ण जायचा पहिल्या दारात, कारण त्याच्या मते दुखणं त्वचेचंच. तिथं त्याला सांगितलं जायचं की काहीच नाही. दुसऱ्या दारात जायला तो तयारच नसायचा. त्याला वेड लागलेलं नव्हतं, त्याच्या नाकाला भोक पडलेलं होतं!

खिशातला आरसा

नाकाला भोक, हे मी उगाच म्हणालो नाही. मानसशास्त्राच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या रुग्णांपैकी एकाला नेमकं हेच झालं होतं.

सर्गेई पान्केयेव हा रशियातल्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा. १९१० ते १९१४ या काळात व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी त्याच्यावर उपचार केले. लहानपणी त्याला पडलेल्या लांडग्यांच्या स्वप्नावरून तो ‘वुल्फ मॅन’ म्हणून ओळखला जातो. रशियन क्रांतीत त्याची संपत्ती गेली. व्हिएन्नात तो विमा कंपनीत कारकून झाला आणि फ्रॉइड त्याच्यासाठी दरवर्षी वर्गणी गोळा करून देऊ लागले.

मग त्याचं नाक सुरू झालं. नाकावरच्या बंद झालेल्या तेलग्रंथींसाठी त्यानं एका त्वचारोगतज्ज्ञाकडून विजेच्या सुईचा उपचार घेतला. त्यानंतर त्याची खात्री पटली की या उपचारानं नाकावर कायमची खाच पडली आहे. तो खिशात छोटा आरसा ठेवायचा आणि दर काही मिनिटांनी काढून बघायचा. रस्त्यानं जाताना दुकानांच्या काचांत बघायचा. नाकाला पावडर लावायचा, थोड्या वेळानं पुसायचा, छिद्रं मोठी होतायत का ते न्याहाळायचा, पुन्हा पावडर लावायचा. कामात लक्ष नाही, दुसरा विचार नाही. फ्रॉइड तोवर स्वतः तोंडाच्या कर्करोगानं आजारी होते. १९२६ च्या ऑक्टोबरात त्यांनी त्याला आपल्या शिष्या रूथ मॅक ब्रुन्सविक यांच्याकडे पाठवलं. त्यांनी १९२८ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी नाक नीट बघितलं होतं. त्यावर काहीही नव्हतं.

ब्रुन्सविक यांनी याचा अर्थ फ्रॉइडच्या पद्धतीनं लावला: नाकाचा ध्यास म्हणजे फ्रॉइडशी असलेल्या नात्याचा न सुटलेला गुंता. आज हा अर्थ फारसं कुणी लावत नाही. पण त्यांनी टिपून ठेवलेल्या सवयी, आरसा, पावडर, छिद्रांची पाहणी, दिवसाचे तास, हे आजच्या कुठल्याही बीडीडीच्या केस पेपरमध्ये जसंच्या तसं बसेल. लॉग चांगले ठेवले होते, अर्थ चुकला होता.

खिशातल्या आरशाकडे जरा थांबून बघायला हवं. चांगला काचेचा आरसा शतकानुशतकं श्रीमंतांची चैन होती. १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदीचा पातळ थर चढवायची रासायनिक क्रिया शोधली. त्यातून पुढे स्वस्त आरसे निघाले. मग विजेचे दिवे आले. स्वतःचा चेहरा रोज, जवळून, लख्ख उजेडात बघणं ही माणसाच्या इतिहासात अगदी नवी गोष्ट आहे. फोन आणि सेल्फीमुळे पोरं बिघडली, असं आज म्हटलं जातं. पण मोर्सेलींच्या रुग्णांकडे फोन नव्हता आणि पान्केयेवकडे दोन इंची आरसा होता. साधन या आगीत तेल ओततं, पण ठिणगी आधीपासून असते. ‘फोनमुळे झालं’ म्हणून फोन काढून घेणं हीदेखील तिकीट बंद करायचीच एक तऱ्हा आहे.

‘नसलेला’ आजार

पान्केयेवनंतर बराच काळ या विषयाचं काम तुरळकच झालं. मग १९८१ साली इंग्लंडमधल्या लीड्सचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन कॉटरिल यांनी एका शोधनिबंधात एक चमत्कारिक नाव वापरलं: ‘डर्माटॉलॉजिकल नॉन-डिसीज’. त्वचेचा नसलेला आजार. तक्रारी भरपूर, त्वचेवर दिसायला जवळजवळ काही नाही. शीर्षकातच त्यांनी पुढे दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हा आजार सर्रास आढळतो, आणि त्यानं जीव जाऊ शकतो.

हे शीर्षक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. ‘नसलेला’ आणि ‘जीवघेणा’ हे दोन शब्द एका ओळीत. दिसत नाही म्हणून तिकीट बंद करणाऱ्या व्यवसायातला एक माणूस आपल्याच सहकाऱ्यांना सांगत होता, की तुम्हाला त्वचेवर काही सापडलं नाही म्हणजे रुग्ण धोक्याबाहेर आहे असं समजू नका. बीडीडी असलेल्यांमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांचं प्रमाण फार जास्त असतं, हे नंतरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे.

त्याच सुमाराला अमेरिकेत मनोविकारांची अधिकृत यादी नव्यानं लिहिली जात होती. १९८० च्या आवृत्तीत डिसमॉर्फोफोबिया आला, पण एका ‘इतर’ गटातलं उदाहरण म्हणून, जेमतेम. १९८७ च्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली आणि नाव बदलून ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ झालं. ‘फोबिया’ काढला, कारण हा माणूस पाल किंवा उंची टाळतो तसं काही टाळत नव्हता. उलट ज्याची भीती, त्याच्याकडेच तो दिवसभर बघत होता.

१९९१ साली, मोर्सेलींच्या निबंधाला बरोबर १०० वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन फिलिप्स यांनी एका प्रमुख नियतकालिकात या आजारावर लेख लिहिला. पुढे त्यांनी शेकडो रुग्णांशी बोलून हा आजार मोजला आणि १९९६ साली सामान्य वाचकांसाठी ‘द ब्रोकन मिरर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या रुग्णांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना त्वचेचा ध्यास होता. त्यांनी नवं काय केलं? एक साधी गोष्ट. रुग्णाला ‘तुला काही नाही’ म्हणायच्या आधी विचारलं, की दिवसातले किती तास जातात? काय काय टाळतोस? थांबवायचा प्रयत्न केला तर थांबतं का?

२०१३ च्या आवृत्तीत बीडीडीची जागा पुन्हा बदलली आणि तो ओसीडीच्या शेजारी, म्हणजे मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याच्या कुटुंबात आला. त्याच कुटुंबात त्वचा खरवडण्याच्या विकारालाही वेगळं नाव मिळालं. विल्सन आणि ब्रोक यांचे रुग्ण एवढ्या वर्षांनी मोर्सेलींच्या रुग्णांच्या शेजारी येऊन बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही बीडीडीची वेगळी नोंद आहे.

बारकाव्यांचा डोळा

इंजिनिअर म्हणून मला यातला सगळ्यात रंजक भाग २००७ सालचा वाटतो. लॉस एंजेलिसमध्ये जेमी फ्यूस्नर आणि सहकाऱ्यांनी बीडीडीचे १२ रुग्ण आणि १३ निरोगी माणसं यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये चेहऱ्यांचे फोटो दाखवले. चेहरे परक्यांचे होते, स्वतःचे नाही. प्रत्येक फोटोच्या तीन आवृत्त्या: एक मूळ, एक फक्त बारीक तपशील ठेवलेली, आणि एक तपशील काढून टाकून धूसर केलेली, जिच्यात फक्त चेहऱ्याची एकूण ठेवण दिसते. निरोगी माणसांचा मेंदू तपशिलाच्या फोटोला एक पद्धत वापरत होता आणि बाकी फोटोंना दुसरी, चेहरा एका दमात बघायची. रुग्णांचा मेंदू मात्र तिन्ही फोटोंना बारकावे शोधायचीच पद्धत लावत होता. धूसर फोटोलाही, ज्याच्यात शोधायला बारकावेच उरले नव्हते.

अभ्यास लहान होता आणि एका स्कॅनवरून सगळा आजार कळत नाही. पण हे वाचून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. फोनमधला ब्यूटी फिल्टर काय करतो? डोळ्यांच्या, ओठांच्या कडा शाबूत ठेवतो आणि मधल्या त्वचेचा बारीक पोत पुसून टाकतो. हा डोळा नेमकं त्याच्या उलट करतो: पोत ठेवतो आणि चेहरा पुसून टाकतो. त्याला खोटं दिसत नाही. छिद्र असतंच, सगळ्यांच्याच नाकावर असतात. फक्त त्याला ते चेहऱ्याचा भाग म्हणून दिसत नाही, चेहरा त्या छिद्राभोवतीची रिकामी जागा होऊन जातो. अशा माणसाला ‘काहीच तर नाही’ म्हणणं म्हणजे तू जे बघतोयस ते तू बघत नाहीयेस असं सांगणं. तो विश्वास कसा ठेवणार?

इंजिनिअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलच्या विंगमध्ये एक मुलगा होता. वर्गात नेहमी डावीकडच्या भिंतीला लागून बसायचा, म्हणजे डावा गाल भिंतीकडे राहील. आंघोळ पहाटे साडेचारला, कारण नंतर बाथरूमच्या आरशापुढे गर्दी असायची आणि त्याला तिथं अर्धा तास लागायचा. कॅम्पस प्लेसमेंटच्या लेखी परीक्षेत तो पहिल्या काहींत होता. मुलाखतीला गेला नाही, कारण त्या खोलीत डोक्यावर ट्यूबलाइट होती. घरचे म्हणायचे, पोरीसारखं काय आरशात बघतोस. त्वचेचे तीन डॉक्टर झाले. पहिल्या दोघांनी मलम दिलं. तिसऱ्या बाईंनी मलम दिलं नाही, त्याला विचारलं, “दिवसातून किती वेळ जातो यात?” त्या एका प्रश्नावर तो त्यांच्याकडे पाऊण तास बोलत बसला, आणि त्यांनी लिहून दिलेल्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेलाही. आज तो नोकरी करतो. गाल तोच आहे.

मलम, रंग आणि आपण

आपल्याकडे या गोष्टीला आणखी दोन पदर आहेत आणि ते वेगळे करायला हवेत.

पहिला रंगाचा. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि २०२० साली तिनं नावातला ‘फेअर’ काढला. मधल्या ४५ वर्षांत आणि त्याआधीही, लग्नाच्या जाहिरातींनी ‘गोरी’ आणि ‘गव्हाळ’ यांचं गणित मांडून ठेवलंच होतं. रंगावरून नकार मिळालेल्या मुलीला वाईट वाटतं तेव्हा तिला बीडीडी झालेला नसतो. तिच्याबाबतीत जे घडलं ते खरोखर घडलेलं असतं आणि आजारी असलाच तर समाज असतो. तिला गोळ्यांची नाही, आपल्या बाजूनं उभं राहणाऱ्या माणसांची गरज असते. पण जिथं चेहऱ्यावर इतकी करडी नजर सगळेच ठेवतात, तिथं ज्याला हा आजार आहे त्याचा आजार सहज लपतो. त्याचे सहा तास ‘जरा जास्तच काळजी घेतो’ यात खपून जातात.

दुसरा पदर मलमाचा. मेडिकलमध्ये जाऊन ‘चेहऱ्यासाठी काहीतरी द्या’ म्हटलं की मिळणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असायचं. चार दिवस चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरूम उसळतात, आणि ट्यूब सोडली की आणखी भडकतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नाव दिलं. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पान्केयेवची गोष्ट इथं पुन्हा आठवते. जिथं फारसं काही नव्हतं तिथं उपचार झाला, आणि त्या उपचारातूनच पुढचा ध्यास निघाला. बीडीडीत लेझर, पील, सुया, मलमं यांनी मूळ त्रास क्वचितच हटतो. एक डाग गेला तर नजर दुसऱ्यावर जाऊन बसते.

ज्यानं फरक पडतो ते आता माहीत आहे. एक, ओसीडीसाठी वापरतात त्याच प्रकारची नैराश्यविरोधी औषधं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दोन, सीबीटी नावाची बोलण्याची आणि सरावाची उपचारपद्धती. तिच्यात माणूस टप्प्याटप्प्यानं मेकअप न लावता बाहेर पडतो, आरसा न बघता तासभर राहतो, चेहरा पुन्हा एका नजरेत बघायला शिकतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत २००५ पासून हे दोन्ही उपाय आहेत. सगळ्यांनाच पूर्ण बरं वाटतं असं नाही, पण पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे सुरुवात करायला सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे. १४४१६ हा नंबर, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल तर तिथं आजच फोन करा, थांबू नका.

विलन यांच्यापासून कॉटरिल यांच्यापर्यंतच्या या प्रवासात मला एक गोष्ट सारखी दिसते. ज्यांच्यामुळे पाऊल पुढे पडलं, त्या सगळ्यांनी गालाऐवजी माणसाकडे बघितलं. मोर्सेलींनी त्याचं दुःख बघितलं, ब्रोक यांनी हात, ब्रुन्सविक यांनी खिसा, फिलिप्स यांनी घड्याळ. हे बघायला डॉक्टरच असावं लागतं असं नाही. ताईला, रूममेटलाही जमण्यासारखं आहे.

तेव्हा कुणी विसाव्यांदा विचारलं, “हे बघ ना, किती वाईट दिसतंय,” तर आणखी एकदा चेहरा तपासू नका. “छान दिसतोयस” असंही म्हणू नका. ते दहा मिनिटांत विरतं आणि मग एकविसाव्यांदा प्रश्न येतो. त्याला सांगा, “मला ते तुला दिसतं तसं दिसत नाही. पण तुला यानं किती त्रास होतोय ते दिसतंय. रोज किती वेळ जातो यात?” आणि मग फोन बाजूला ठेवून बसा, कारण उत्तर लांब असू शकतं.